जमते किती आणि करते किती?



सेरेब्रल पाल्सी असलेले मूल ज्या घरात आहे, त्या घरी येणारा पाहुणा बहुधा दोनच प्रश्न विचारतो : ‘चालायला लागला का?’ आणि ‘बोलतो का?’ प्रश्नामागे आपुलकी असते. परंतु उत्तर ‘नाही’ असले की पुढचे बोलणेच खुंटते. गेल्या वर्षभरात त्या मुलाने पेला दोन्ही हातांत धरून पाणी पिण्याचे कसब मिळवलेले असते, लघवी लागल्याचे ते खुणेने सांगू लागलेले असते, सदऱ्याच्या बाहीत हात आपणहून सरकवू लागलेले असते. त्या एका ‘नाही’मध्ये यांपैकी कशाचीच नोंद होत नाही. हळूहळू घरातल्या माणसांनाही वाटू लागते की, आपल्या मुलात काही फरक पडत नाही, मग उपचारांची ही धावपळ कशासाठी?

या सदरात आपण बहुतेक वेळा उतारवयातील प्रकृतीविषयी बोलतो. आज नातवंडांविषयी बोलायचे आहे, कारण आई-वडील दोघेही नोकरी करीत असलेल्या अनेक घरांत अशा मुलाचा दिवसभराचा सांभाळ आजी-आजोबांकडेच असतो. मुलाचे रोजचे जगणे सर्वांत जवळून तेच पाहतात, आणि म्हणूनच ते मोजण्याच्या कामी त्यांच्याइतका उपयोगी साक्षीदार दुसरा नाही.

प्रथम आजाराविषयी थोडे. वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा आयुष्याच्या आरंभीच्या काळात इजा झाल्याने हालचालींवर आणि शरीराच्या ठेवणीवर जो कायमचा परिणाम होतो, त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतील ती इजा पुढे वाढत जात नाही. मूल मात्र वाढते. त्याची उंची आणि वजन वाढते, हाडे लांब होतात, आणि ताठर स्नायूंना त्या वेगाने लांबणे जमत नाही. त्यामुळे मुलाला काल सहज होणारी गोष्ट आज अवघड होऊ शकते, तशीच काल अशक्य वाटलेली गोष्ट सरावाने साधूही शकते. निदान एकदाच होते. रोजच्या कामांचे मोजमाप मात्र पुन्हा पुन्हा करावे लागते.

असे मोजमाप आपल्या पिढीला अगदीच अनोळखी नाही. पक्षाघातानंतर किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर डॉक्टर विचारतात : जेवण स्वतः घेता का? खाटेवरून खुर्चीत बसता का? जिना चढता का? लघवीवर ताबा आहे का? अशा दहा प्रश्नांची आणि शंभर गुणांची ‘बार्थेल निर्देशांक’ नावाची मोजणी १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरात आहे. तिच्यामागचा विचार साधा आहे. आजाराचे नाव कळल्याने माणसाला किती मदत लागेल ते कळत नाही. ते त्याच्या दिनक्रमावरूनच कळते. हाच विचार मुलांच्या बाबतीतही पुढे आला.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आज जगभर वापरली जाणारी पहिली ओळख म्हणजे पाच स्तरांची विभागणी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या ‘कॅनचाइल्ड’ या संशोधन केंद्रात रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये तयार केली. २००७ मध्ये तिच्यात १२ ते १८ वर्षांचा वयोगट जोडला गेला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘जीएमएफसीएस’ म्हणतात. पहिल्या स्तरावरील मूल घरीदारी आधाराविना चालते व पळतेही. दुसऱ्यावरील मूल चालते, परंतु लांब अंतर, खडबडीत रस्ता, जिना येथे अडते. तिसऱ्यावरील मूल वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालते. चौथ्यावरील मुलाला बहुधा चाकांच्या खुर्चीची आणि माणसाच्या मदतीची गरज भासते. पाचव्यावरील मुलाला मान व धड सावरण्यासाठीही आधार लागतो आणि सर्वत्र दुसऱ्याने न्यावे लागते. याच धर्तीवर हातांच्या वापरासाठी ‘मॅक्स’, संवादासाठी ‘सीएफसीएस’ आणि खाण्यापिण्यासाठी ‘ईडॅक्स’ अशा पाच-पाच स्तरांच्या विभागण्या पुढे तयार झाल्या.

हे स्तर म्हणजे परीक्षेतील श्रेणी नव्हेत, हे ध्यानी घ्यावे. मुलाचा स्तर साधारणतः वर्षानुवर्षे तोच राहतो. ‘तीन वर्षे व्यायाम केला, तरी स्तर तिसराच’ असे म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. त्याच स्तरावर राहूनही मूल पूर्वीपेक्षा कमी मदतीने आंघोळ करू शकते, शाळेत अधिक वेळ बसू शकते. हा फरक टिपण्यासाठी वेगळी मोजपट्टी लागते, आणि आजच्या लेखाचा विषय तीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. अनुकूल परिस्थितीत माणसाला काय जमू शकते, ही त्याची क्षमता. आणि आपल्या घरात, आपल्या रोजच्या परिस्थितीत तो प्रत्यक्षात काय करतो, ही त्याची कृती. सोप्या मराठीत सांगायचे तर ‘जमते किती’ आणि ‘करते किती’. या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते.

समजा, सहा वर्षांची एक नात आहे. उपचार केंद्रातल्या गुळगुळीत फरशीवर, ताईंच्या प्रोत्साहनाने, ती वॉकर धरून वीस पावले चालते. घरी मात्र तिला खोलीतून मोरीपर्यंतही कडेवरच नेले जाते. केंद्रात ती चमच्याने खाते; घरी आजी भरवते. म्हणजे जमते, पण करीत नाही. याचा अर्थ मूल आळशी आहे किंवा आजीचे चुकते आहे, असा काढू नये. कारणे शोधावीत. सकाळी साडेसातला शाळेची गाडी दारात येते, तेव्हा बटणे लावण्यासाठी पंधरा मिनिटे देणे घराला परवडत नाही. मोरीला चार इंचांचा उंबरठा असतो आणि वॉकर त्यावरून जात नाही. ताट जमिनीवर असते आणि मांडी घालून बसताना मुलीचा तोल जातो. मग एक हात जमिनीवर टेकवण्यातच गुंततो. संध्याकाळपर्यंत ती थकते. आणि मायाही असतेच. ‘आजी, मी करते’ असे ती म्हणेपर्यंत आजीचा हात पुढे झालेला असतो.

यांतील प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. उंबरठ्यावर उपाय म्हणजे लाकडी उतार. तोल जाण्यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात पाठ टेकवून बसवणे किंवा छातीच्या खालपर्यंत येणारे टेबल आणि पाय पूर्ण टेकतील अशी खुर्ची. वेळेवर उपाय म्हणजे बटणांचा सराव सकाळी न करता शाळेतून आल्यावर कपडे बदलताना करणे. ‘जमते’ आणि ‘करते’ यांतील अंतर मोजल्याशिवाय हे उपाय सुचत नाहीत. उलट, अंतर लक्षात आले नाही तर व्यायाम वाढवत नेले जातात आणि उंबरठा जागच्या जागी राहतो.

तज्ज्ञांकडे या दोन्ही गोष्टींसाठी साधने आहेत. उठणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे यांची क्षमता मोजण्यासाठी ८८ बाबींची, आणि तिच्यातूनच निघालेली ६६ बाबींची, ‘जीएमएफएम’ ही चाचणी फिजिओथेरपिस्ट घेतात. रोजच्या कृतीसाठी मात्र सांभाळणाऱ्यालाच विचारावे लागते. अमेरिकेत १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘पेडी’ या साधनात स्वतःची काळजी, हिंडणे-फिरणे आणि इतरांशी वागणे या तीन विभागांत १९७ कौशल्यांविषयी प्रश्न असून, २० कामांत पालकांना किती मदत करावी लागते याची वेगळी नोंद आहे. ‘वीफिम’ या दुसऱ्या साधनात १८ कामे आणि प्रत्येकासाठी एक ते सात अशा पायऱ्या आहेत. सर्व काही दुसऱ्याने करावे लागणे ही पहिली पायरी, तर कोणतेही साधन, देखरेख वा जादा वेळ न लागता स्वतः करणे ही सातवी.

मेलबर्नमध्ये तयार झालेली एक मोजणी तर अगदी सुटसुटीत आहे. मूल ५ मीटर, ५० मीटर आणि ५०० मीटर अंतर नेहमी कशाच्या साहाय्याने पार करते, एवढेच ती विचारते. आपल्या भाषेत ५ मीटर म्हणजे खाटेपासून मोरीपर्यंत, ५० मीटर म्हणजे शाळेच्या आवारात वर्गापासून वर्गापर्यंत आणि ५०० मीटर म्हणजे घरापासून बाजारापर्यंत. एकच मूल घरात भिंत धरून, शाळेत वॉकरने आणि बाजारात चाकांच्या खुर्चीतून जात असेल, तर तिन्ही उत्तरे खरी आहेत. ‘चालतो का?’ या प्रश्नाला हेच योग्य उत्तर. बाजारात खुर्ची वापरली म्हणून घरातले चालणे कमी प्रतीचे ठरत नाही. उलट थकवा वाचल्यामुळे मूल बाजारात भाजी निवडायला मदत करू शकते.

यांतील बहुतेक साधने परदेशांत जन्मली, हे विसरू नये. काटा-सुरीने खाणे किंवा टबात उतरणे हे प्रश्न आपल्या अनेक घरांना लागू नाहीत. आपल्याकडे विचारायचे ते वेगळे : पोळीचा तुकडा एका हाताने मोडता येतो का? वरणभात कालवून घास तोंडापर्यंत नेता येतो का? बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेता येते का? जमिनीवरून उठता येते का? भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसता येत नसेल, तर कमोडची खुर्ची ठेवल्यास मूल ते काम स्वतः करते का? थेरपिस्टने विचारले नाही, तर या गोष्टी आपण होऊन सांगाव्यात.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ज्या मुलाची उजवी बाजू दुर्बळ आहे, ते साहजिकच डाव्या हाताने जेवते. ‘डाव्या हाताने जेवू नये’ असे म्हणून त्याचा हात मागे ओढला, तर ते जेवायचेच थांबते आणि भरवून घेऊ लागते. अशा मुलाचा डावा हात हाच जेवणाचा हात मानावा. उजव्या हाताने ताटाची कड धरून ठेवण्याचे काम त्याला द्यावे. हातांचा विचार करताना दोन्ही हात मिळून काम किती पार पाडतात, हेच पाहायचे असते.

आता घरी काय करावे ते पाहू. शंभर पानी वही पुरेशी आहे. सुरुवातीला एकच आठवडा आणि पाचच कामे निवडावीत : जेवण, कपडे, आंघोळ, शौच आणि घरातल्या घरात एका जागेवरून दुसरीकडे जाणे. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात.

पहिली, मदत. तिच्यासाठी सोपे आकडे वापरावेत. सगळे आपणच केले तर ०. मुलाने थोडा हातभार लावला तर १. जवळजवळ अर्धे त्याने केले तर २. त्याने सगळे केले, पण आपल्याला जवळ उभे राहावे लागले किंवा आठवण करून द्यावी लागली तर ३. आणि सर्वस्वी त्याचे त्याने केले तर ४. हे आकडे केवळ घरच्या नोंदीसाठी आहेत. तज्ज्ञांच्या चाचणीची जागा ते घेत नाहीत.

दुसरी, वेळ. घड्याळ पाहून मिनिटे लिहावीत. मदत तेवढीच राहिली, पण चाळीस मिनिटांचे काम पंचवीसवर आले, तर तीही प्रगतीच आहे.

तिसरी, परिस्थिती. कोठे, कोणत्या वेळी, कोण सोबत असताना. आजोबांसोबत असताना मूल ३ वर असते आणि आईसोबत १ वर, असे आढळले तर त्यात कोणाचा दोष काढू नये. आजोबांना थांबायला वेळ असतो आणि आईला नसतो, एवढेच त्यातून दिसते.

नोंद करताना प्रामाणिकपणा ठेवावा. चांगला दिवस तेवढा लिहू नये आणि वाईट दिवस लपवू नये. पाहुण्यांपुढे ‘हो, सगळं करतो’ असे सांगण्याची आणि दवाखान्यात ‘काहीच करत नाही’ असे सांगण्याची सवय आपल्याला असते. वहीत दोन्ही नको. मुलाला परीक्षा देत असल्यासारखे वाटू नये. त्याच्यासमोर आकड्यांची चर्चा करू नये. शेजारच्या किंवा केंद्रातल्या दुसऱ्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. या वहीतील तुलना एकच : हेच मूल तीन महिन्यांपूर्वी आणि आज.

आठवडा संपला की पाचांपैकी एकच काम निवडावे. शक्यतो ते मुलाला स्वतःला हवेसे वाटणारे असावे. बोलता येत नसले, तरी मुले डोळ्यांनी, हाताने, आवाजाने आवड सांगतात. ते काम छोट्या तुकड्यांत कसे विभागावे, हे थेरपिस्टला विचारावे. पुष्कळदा शेवटचा तुकडा मुलाकडे देणे सोपे जाते. विजारीची इलॅस्टिक गुडघ्यापर्यंत आपण आणावी, तेथून कंबरेपर्यंत त्याने ओढावी. आपला हात पुढे होण्यापूर्वी मनात दहा अंक मोजावेत. मुलाच्या स्नायूंना मेंदूची आज्ञा अंमलात आणायला वेळ लागतो आणि एवढे थांबणे म्हणजे त्याला ती संधी देणे असते. तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा नोंद करावी.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो. मुलाचे आकडे घसरू लागले, तर ती सूचना असते. न चालणाऱ्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू निसटण्याचा धोका मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे ३५ टक्के मुलांत खुबा सरकल्याचे आढळले. पहिल्या स्तरावरील मुलांत हे प्रमाण शून्य होते, तर पाचव्या स्तरावर सुमारे ९० टक्के. आरंभी मूल दुखण्याची तक्रार करीलच असे नाही. पण लंगोट बदलताना पाय पूर्वीइतके फाकत नाहीत, आंघोळीला दुप्पट वेळ लागतो, मांडीवर घेतले की मूल कळवळते, या गोष्टी आजीच्या हातांना आधी कळतात. त्या ‘वाढत्या वयाचा हट्ट’ म्हणून सोडून देऊ नयेत. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खुब्याचा एक्स-रे काढण्याविषयी विचारावे.

तसेच खाण्याचे. रोजचे जेवण अर्ध्या तासाहून बरेच लांबत असेल, पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, छाती घरघरत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर भरवण्याची पद्धत बदलावी लागेल. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला लांबणीवर टाकू नये. शिकलेली गोष्ट एकाएकी जाणे, फिट्स वाढणे, दिवसभर मरगळ असणे हीदेखील तातडीने दाखवण्याची लक्षणे होत. तिसऱ्या ते पाचव्या स्तरावरील मुलांत किशोरवयात हालचालींची क्षमता काहीशी घटू शकते. दहा-बारा वर्षांनंतर म्हणूनच नोंद अधिक काळजीने ठेवावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि ही वही यांची गल्लत करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, आणि अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट असते. ते प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड अवश्य काढावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चालणाऱ्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचीही चौकशी करावी. पण ‘७५ टक्के’ या आकड्यावरून मुलाला घास तोंडाकडे नेता येतो की नाही, हे कोणालाच कळत नाही. शाळेच्या शिक्षकांना, नव्या थेरपिस्टला, जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील तज्ज्ञांना आपल्या वहीची दोन पाने जी माहिती देतील, ती प्रमाणपत्रात नसते.

शेवटी आपल्याविषयीही एक रकाना वहीत असू द्या. मुलाला दिवसातून किती वेळा उचलले, आणि रात्री आपली कंबर किती दुखली, हेही लिहा. पाच वर्षांचे नातवंड उचलणारी आजी ते दहा वर्षांचे झाल्यावर पाच वर्षांनी वयस्क झालेली असते. खाटेवरून खुर्चीत सरकताना मुलाने पायांवर थोडा भार घेतला, तर मदतीचा आकडा ० वरून १ होतो. कागदावर हा फरक अगदी लहान दिसतो. परंतु त्या एका अंकामुळे उचलणाऱ्याची पाठ वाचते, आणि पुढची अनेक वर्षे मुलाला घराबाहेर नेणे शक्य होते.

येत्या सोमवारपासून वही सुरू करावी. पहिल्या पानावर तारीख आणि मुलाचे वजन लिहावे, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी ती आठवणीने सोबत न्यावी. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. म्हणून ज्या एका कामाविषयी आपल्याला सर्वांत अधिक विचारायचे आहे, त्याच्याखाली रेघ ओढून ठेवावी.